घडी मोडून कापलेला ब्लाऊज

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "काकू, तुमच्या शिवणकामावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, "शिवणकाम मी फारसं केलंच नाही. मी कटिंगवाली." ते गोंधळले. शिवणकाम आणि कटिंग यात फरक काय, असं विचारणार होते बहुतेक, तेवढ्यात फोन कट झाला. त्यांनी कट केला की आमच्याकडची रेंज गेली, कोण जाणे.

हा एक इंग्रजी शब्द आमच्या मेहकरात किती घरी राबतो ते पाहण्यासारखं आहे. माझ्या दुकानाशेजारी सलून आहे, त्यावर पाटी आहे 'कटिंग-दाढी'. समोरच्या हॉटेलात अर्ध्या कप चहाला कटिंग म्हणतात. लाइनमन येतो आणि लाइट कट करून जातो. मोटारसायकलवरचं पोरगं रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला कट मारतं आणि वर तिलाच ओरडतं. कापडाच्या ठाणाचा उरलेला तुकडा म्हणजे कट पीस. लग्न ठरलेली मुलगी मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणते, "काकू, सेम टू सेम हा कट पाह्यजे." आणि माझ्या दुकानावर पाटी होती, 'लेडीज कटिंग मास्टर'. खाली माझं नाव. सुरुवातीची काही वर्षं लोक आत डोकावून मलाच विचारायचे, "मास्टर कुठी गेले जी?"

मला कात्री दिली माझ्या सासऱ्यांनी. ते पुरुषांच्या कपड्यांचे कटिंग मास्टर. तालुक्यातल्या अर्ध्या नवरदेवांचे कोट त्यांनी कापलेले. मोतीबिंदू वाढला तेव्हा धंदा कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न आला. त्यांनी मुलाला मशीनवर बसवलं आणि सुनेच्या हातात कात्री दिली. माझे यजमान थोडे खट्टू झाले. मामंजी म्हणाले, "त्याचा हात घाई करते. मशीनले घाई चालते, कात्रीले नाई." आमच्या संसारात पुढे काही भांडण झालं की मी हे वाक्य काढायची आणि यजमान मशीनचं चाक जोरात फिरवायचे.

आता ज्यांनी कधी शिंप्याच्या टेबलाची पलीकडची बाजू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिवण चुकली तर उसवता येते. ब्लेड घ्या, टाके तोडा, पुन्हा शिवा. कापलेलं उसवत नाही. म्हणून दुकानात शिवणारे कितीही असोत, कापणारं माणूस एकच असतं आणि शिव्याही त्यालाच बसतात. कापताना मापाच्या बाहेर दोन-तीन बोटं जास्त कापड ठेवावं लागतं, त्याला आम्ही माया म्हणतो. उद्या बाई अंगाने भरली तर ही माया कामाला येते. ब्लाऊजचा पुढचा भाग आम्ही कधी वेगवेगळा कापत नाही. कापडाची दुहेरी घडी घालतो आणि एकदम कापतो, म्हणजे डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी येते. घडीवर कापायचं, हा या धंद्यातला पहिला धडा.

कात्रीचेही नेम असतात. रिकामी कात्री वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. अमावास्येला कोरं कापड कापायचं नाही. दसऱ्याला तिला हळदीकुंकू. आणि कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. हा शेवटचा नेम मात्र अंधश्रद्धा नव्हे, कागदाने खरोखरच धार मरते. आमच्या यजमानांनी एकदा माझ्या कात्रीने पेपरातलं कोणतंसं कात्रण कापलं होतं. त्यानंतर रिकामी कात्री न वाजवताही घरात भांडण झालं.

आमच्या भागातली आणखी एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. खेड्यावरच्या बाया माप द्यायला दुकानात येत नाहीत. माझ्या उमेदीत तर अजिबात येत नसत. नवरा, दीर किंवा मुलगा बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन यायचा. पिशवीत नवा पीस आणि एक जुना ब्लाऊज. हा मापाचा ब्लाऊज. त्यावरून नवा कापायचा. बाई डोळ्यांनी दिसत नाही, पण तिचा जुना ब्लाऊज हातात असला की सगळं सांगतो. काखेत उसवून माया सोडली असेल तर बाई बाळंतपणानंतर भरली. दोन्ही अंगांनी टीप आत घातली असेल तर वाळली. उजवा खांदा विरलेला असेल तर पाण्याचा हंडा त्या खांद्यावर. माझ्याकडे अशा कितीतरी बाया होत्या ज्यांची तोंडं मी पाहिली नव्हती आणि पाठी मात्र पाठ होत्या.

या रीतीने घोटाळेही व्हायचे. एका गृहस्थांनी दोरीवरचा भलताच ब्लाऊज मापाला उचलून आणला. बायकोऐवजी वहिनीचा. मी त्याच मापाने कापला. घरातल्या एका लग्नाच्या दिवशी तो बायकोला चढेना आणि वहिनीला मात्र चोख बसला. पुढच्या बाजाराला ते गृहस्थ आले आणि म्हणाले, "मास्टरीनबाई, तुमचं काई चुकलं नाई. पन आता माह्या घरी दोन चुली झाल्या."

शहरातल्या मुली स्वतः यायच्या, सोबत आई. मुलगी मागच्या गळ्यासाठी हात पाठीवर जाईल तितका खाली नेऊन दाखवायची. माप घेऊन झालं की आई चप्पल घालता घालता मागे यायची आणि हळूच सांगायची, "दोन बोटं वरच ठेवजा." मग मी एक बोट वर ठेवायची. दोघी थोड्या नाराज होऊन जायच्या. दोघी थोड्या नाराज असल्या की काम बरोबर झालं, असं समजायचं.

या सगळ्या गिऱ्हाइकांत कौसल्याबाईंचा ब्लाऊज मात्र मी विसरणार नाही. त्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

कौसल्याबाई पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातल्या. घरी बेताची शेती, कपाशी आणि सोयाबीन. त्यांचा मापाचा ब्लाऊज त्यांचे यजमान आणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची. अबोल माणूस. पिशवी टेबलावर ठेवायचे, "नेहमीसारखं," एवढंच म्हणायचे आणि बाजारात निघून जायचे. अशी कित्येक वर्षं गेली. मग मध्ये बराच काळ पिशवी आली नाही. मला वाटलं, दुसरीकडे टाकत असतील. गिऱ्हाईक तुटलं की आपण हेच म्हणतो.

एके दिवशी दुपारी एक बाई दुकानात येऊन बसल्या. डोक्यावरून पदर, तोही दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, आणि दिवस उन्हाळ्याचे. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी विचारलं, "काय शिवायचं?" त्या म्हणाल्या, "होऊ द्या त्याहीचं. मले घाई नाई." सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुना ब्लाऊज काढून टेबलावर ठेवला. तो हातात घेतला आणि मी ओळखलं.

"तुम्ही भाऊंच्या मंडळी? कौसल्याबाई?"

"हाव. तुमी तर मले पाह्यलं बी नाई कदी."

"पाठ ओळखते मी तुमची," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"हे माप आता काई कामाचं नाई, ताई. तुमी अंगावरूनच घ्या."

मी पडदा ओढला आणि टेप घेतला. त्यांनी पदर बाजूला केला. डावी बाजू सपाट होती. गाठ झाली होती. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन करून छाती काढून टाकली होती. व्रण पार काखेपर्यंत गेलेला. मी इतकी वर्षं बायकांची मापं घेतली, टेप हातात असला की माझं तोंड आपोआप चालू राहतं, पाऊसपाणी, पोरंबाळं. त्या दिवशी मी नुसते आकडे वहीत लिहीत गेले.

बोलल्या त्याच. सरळ, शेतातलं सांगावं तसं. "गाठ एवढीशीच होती. म्या म्हटलं, तेवढीच काढा ना. तर डाक्टर म्हने, गाठीच्या आजूबाजूचं जास्तीचं बी कापा लागते, नाई तं ते पुन्हा येते. म्हटलं, कापा बाप्पा."

मला आमची माया आठवली. आम्ही कापताना ती बाहेर राखतो. डॉक्टरांना आजूबाजूचं घेऊनच कापावं लागतं. हातात कात्री दोघांच्याही, पण मला त्यांच्या जागी उभं राहता आलं नसतं.

"गावात ठाऊक आहे?" मी विचारलं.

"गाठीचं आपरेशन झालं, एवढं ठाऊक आहे. कुठची गाठ ते नाई. याहीले आन मले, बस." याहीले म्हणजे भाऊंना. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. मुलीचं लग्न ठरलं होतं. प्रतीक्षा एकुलती एक. स्थळ वडनेर भोलजीचं, घरचं चांगलं, मुलगा नोकरीवर. "त्याहीले समजलं तं काय म्हनतील? मायले झालं, उद्या पोरीले बी होईन. सोयरीक मोडली तं माह्या पोरीनं काय केलं होतं? म्या तिले बी सांगतलं नाई, ताई. तिनं तिकडं बोलून टाकलं असतं."

मी म्हटलं, "लग्नात पदर घेऊन राहाल, कोणाला काय दिसते?"

"दिसाचं सोडा. भेटीचं काय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे लग्नात ईवाई-ईवाई, म्हणजे दोघे व्याही, सगळ्या मांडवासमोर एकमेकांना कडकडून भेटतात. त्यांच्यामागून विहिणींची भेट होते. वाजंत्री वाजत असते, पाहुणे पाहत असतात, आणि चार पोरी तर फोटो काढायलाच टपलेल्या असतात. त्या मिठीत कौसल्याबाईंची विहीण काय ओळखणार, हा प्रश्न होता. डोळ्यांना फसवणारा ब्लाऊज मी कापू शकले असते. इथे मिठीला फसवायचं होतं.

हे बरोबर की चूक, यावर मी तेव्हाही विचार केला आणि आजही करते. खरं सांगून टाका, असं म्हणणं सोपं होतं. पण ते मी माझ्या टेबलाच्या अलीकडून म्हणणार आणि निस्तरणार त्या. मी म्हटलं, "पीस दाखवा."

साडी मोरपंखी, आणि तिच्यातच जोडून आलेला पीस. असे पीस मेले नेहमी तोकडेच असतात. घडी घालून कापलं तर जेमतेम बसतं. पण इथे घडी चालणार नव्हती. एका अंगाला उभार, टक, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या अंगाला आतून अस्तराचा कप्पा हवा, व्रण झाकायला काख वर उचललेली हवी, मुंढा वेगळा. मुंढा म्हणजे बाहीसाठीचा गोल काप. दोन्ही बाजू वेगळ्या कापायच्या आणि घातल्यावर सारख्या दिसायच्या. आणि चुकलं तर त्या रंगाचं कापड मेहकरात काय, खामगावातही मिळालं नसतं.

मी आधी मांजरपाटावर कच्चा ब्लाऊज कापला. कौसल्याबाई पुन्हा आल्या. कप्प्यात रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची, गादी करून भरली. आरशात छान दिसलं. त्या दोन पावलं चालल्या, हात वर केला, आणि ती बाजू सरकून गळ्याशी आली. रुईला वजनच नाही. खरं अंग आपल्या भाराने खाली राहतं, हे माझ्या इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "ज्वारी भरू." त्या म्हणाल्या, "किडे पडतीन. आन खुळखुळते ते." चिंध्या भरून पाहिल्या, गोळा झाला. मी टेकीला आले.

मग त्याच म्हणाल्या, "ताई, सरकी भरली तं?"

सरकी म्हणजे कपाशीचं बी. रुई काढून घेतल्यावर उरतं ते, ढोरांना खायला घालतात. त्याला थोडी लव चिकटलेली असते, म्हणून मऊ लागतं आणि वाजत नाही. वजन तर असतंच. पुढच्या खेपेला त्या घरची सरकी घेऊन आल्या. कप्प्याच्या मापाच्या कापडी पिशवीत ओंजळीने थोडी घातली, हातावर तोलली, पुन्हा थोडी काढली. भाजी तोलावी तशी. वर मी रुईचा थर दिला आणि पिशवी बंद केली. ब्लाऊज अंगावर चढवला, हात वर केला, खाली केला. जागचा हलला नाही. कौसल्याबाई आरशापुढे उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ तिथेच राहिल्या. मी म्हटलं, "आवडलं का?" त्या म्हणाल्या, "मी दिसून राह्यली, ताई." आणि मग रडल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

खरा पीस कापायच्या दिवशी मी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. यजमानांना मशीन बंद ठेवायला सांगितलं. कापड टेबलावर एकेरी पसरलं. हात सवयीने घडी घालायला जायचा, मी मागे ओढायची. खडूने आधी उजवी बाजू आखली, मग डावी. एका बाजूची माया दुसरीकडून चोरावी लागली. मामंजी असते तर काय म्हणाले असते, हे मनात येत होतं. कात्री चालवली तेव्हा यजमान म्हणाले, "श्वास तरी घे." ब्लाऊज झाला. सरकीच्या पिशव्या मी दोन करून दिल्या, एक धुवायला, एक अंगावर.

लग्नाचं आमंत्रण होतं. मी गेले. अक्षता पडल्या, ईवाई भेटले, आणि विहिणी समोरासमोर आल्या. प्रतीक्षाच्या सासूबाई यमुनाबाई, चांगल्या धिप्पाड, आवाज मांडवाच्या टोकाला जाईल असा. त्यांनी "या इहीनबाई!" म्हणून दोन्ही हात पसरले आणि कौसल्याबाईंना ओढून घेतलं. अशी मिठी की मी लांबून उठून उभीच राहिले. वाजंत्री वाजत होती. भेट संपायला हवी होती, संपेना. यमुनाबाईंनी त्यांना धरूनच ठेवलं होतं. मग सोडलं, पदर स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्यावर नीट केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "चला, जेवाले बसा आता." कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कौसल्याबाईंनी लांबून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले.

पंगतीत यमुनाबाई वाढायला फिरत होत्या. माझ्या पानात बुंदी वाढताना म्हणाल्या, "इहीनबाईचं पोलकं तुमीनंच शिवलं काय?"

मी म्हटलं, "मी कापलं. शिवलं आमच्या घरच्यांनी."

"चांगलं बसलं हो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. मी बुंदी खाल्ली की नाही आठवत नाही.

पुढे प्रतीक्षाला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं. श्रावणात बाळ-बाळंतिणीला पोचवायला कौसल्याबाई वडनेरला गेल्या आणि आग्रहाने काही दिवस राहिल्या. तिथून परतल्या त्या घरी न जाता बसस्टँडवरून सरळ माझ्याकडे. चेहरा उतरलेला.

"ताई, माहं एक राहून गेलं तिकडं."

"काय?"

त्यांनी छातीकडे बोट दाखवलं. एक पिशवी त्यांनी तिथे धुतली होती. मी सांगितलेलं होतं, सरकी काढून पिशवी धुवायची. पण परक्या घरी टीप उसवून बसता येईना, म्हणून तशीच धुतली. दोरीवर वाळत घालायची सोय नाही. म्हणून न्हाणीच्या मागच्या कोनाड्यात जुन्या फडक्याखाली ठेवली. पाऊस लागलेला. निघायच्या गडबडीत विसरून आल्या.

"कोनाच्या हाती लागली असन तं काय सांगू? पोरगी तिथं नांदून राह्यली, ताई. आता तं लेकरू बी आहे." मी म्हटलं, "जुनं फडकं समजून फेकतील." त्या म्हणाल्या, "यमुनाबाई फडकं फेकनाऱ्यातल्या नाई." तेही खरं होतं. त्यानंतर वडनेरहून फोन आला की त्या आधी भाऊंना उचलायला लावायच्या. काही झालं नाही. कोणी काही विचारलं नाही. त्यामुळे तर त्यांना जास्त भीती वाटायची.

संक्रांतीनंतर लेकीने हळदीकुंकवाला बोलावलं, जाणं भाग पडलं. परत आल्या आणि पुन्हा माझ्या दुकानात, पण या वेळी बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"न्हाणीपाशी पऱ्हाटी आहे, ताई!"

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. मला आधी कळेना.

"अवं, उगवली ते! वल्ली राह्यली ना सरकी कोनाड्यात. मोड आले तिले. यमुनाबाईनं ते मोड न्हाणीच्या पान्यावर लावले. तीन झाडं आहेत, हे एवढी एवढी. बोंडं फुटून राह्यली. न्हाणीपाशी कोन पऱ्हाटी लावते, सांगा बरं?"

"मग?"

"मग काई नाई. त्या मांगून आल्या, म्हने, 'कशी आहे इहीनबाई आमची पऱ्हाटी?' म्या म्हटलं, 'चांगली आहे.' म्हने, 'फवारा नाई, खत नाई, आपल्या आपन आली. तुमच्या घरची सरकी म्हून राखली.' मी रडाले लागली. तं म्हने, 'आता काऊन रडता? मले तं मांडवातच समजलं होतं.'"

"मांडवातच?"

"भेटीत. म्हने, 'मी जिनिंगच्या कारखान्यामंदी सरकी भरत होती लग्नाच्या आंधी. हाताले नाई समजनार काय मले?' मी म्हटलं, 'मंग बोलल्या काऊन नाई?' तं म्हने, 'तुमी झाकून आनलं होतं. मी काहाले उघडू?' आन प्रतीक्षाले बी त्याहीनंच सांगतलं, समजावून. दोघी मायलेकी रडलो, ताई. मंग तपासनीले बी घेऊन गेल्या तिले, दरवर्शी नेतो म्हने."

आणि शेवटी म्हणाल्या, "या खेपेले मी पिशवी धुतली ना तिथं, दोरीवर वाळू घातली. साऱ्याईच्या समोर."

मला लग्नातली ती लांबलेली मिठी आठवली. माझा ब्लाऊज फसवण्यात चोख बसला, असं मी इतके दिवस समजत होते आणि मनातून थोडी फुशारतही होते. तो कोणालाच फसवू शकला नव्हता. कापणाऱ्या बाईला याचं वाईट वाटायला हवं. मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

आता माझा हात कापतो, म्हणजे थरथरतो. ताणणारे तयार ब्लाऊज बाजारात आलेत, कोणत्याही अंगाला बसतात म्हणे. कटिंग शिकायला आताशा कोणी येत नाही, याची खंत आहे. पाटी मी काढली, टेबल मात्र ठेवलं आहे. मोजक्या जुन्या बायांचं कापते. कौसल्याबाईंच्या तपासण्या चालू आहेत, सगळं ठीक आहे. त्यांच्यानंतर अशाच आणखी काही बाया आल्या, कोणी मैत्रिणीकडून ऐकून, कोणी नर्सकडून. त्यांच्या पिशव्यांत भरायची सरकी आधी कढईत भाजून घेते.

मागच्या बाजाराला दुकानाबाहेर कोणीतरी खाकरलं. भाऊ होते. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "नेहमीसारखं," म्हणाले आणि बाजाराकडे वळले. किती वर्षांनी ती पिशवी आली होती. आत नवा पीस, दिवाळीसाठी कापसाच्या वातींची एक पुडी, आणि मापाचा ब्लाऊज, तोच मोरपंखी, एक कप्प्याचा. मी पीस टेबलावर एकेरी पसरला आणि खडू घेतला.